घरगुती मसाल्यांचा व्यवसाय: करणाऱ्याचं नाव ग्राहकाच्या तोंडी कसं बसवायचं?

कृष्णाकाठ

विषय नेमका करून मांडते, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, तिखट, मेतकूट करणारी एक बाई किंवा एक जोडपं. हंगामात महिन्याला शंभर-दीडशे किलो माल. विक्री व्हॉट्सॲपवर, ओळखीतून आणि वर्षाकाठी भीमथडी किंवा महालक्ष्मी सरससारख्या दोन-तीन प्रदर्शनांत. माल उत्तम असतो. तरी ग्राहक दुसऱ्याला सांगताना म्हणतो, "त्या साताऱ्याच्या बाई देतात ना, त्यांच्याकडून घे." नाव आठवत नाही, पाकीट केव्हाच फेकलेलं, नंबर जुन्या फोनात. तोंडी प्रसिद्धी होते, पण ती विकणारीपर्यंत परत येत नाही.

पर्सनल ब्रँड म्हटलं की लोक थेट लोगो आणि रील्सकडे धावतात. माझ्या मते क्रम वेगळा हवा.

पहिलं, नाव. ते आपलंच राहील याची खात्री करून घ्यायची. दुसरं, दर खेपेला तीच चव. तिसरं, स्वतःची ओळख सांगणारं एक वाक्य, जे पाकिटावर, प्रोफाइलवर, स्टॉलच्या फलकावर आणि तोंडी एकसारखंच येतं. फोटो, व्हिडिओ, जाहिरात त्यानंतर.

ओळखवाक्याबद्दल आधी लिहिते, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि तरी तेच सगळ्यात ढिसाळ असतं. "आमच्याकडे सर्व प्रकारचे उत्तम प्रतीचे मसाले माफक दरात मिळतील" हे वाक्य कुणाच्याही पाकिटावर चालेल, म्हणून ते कुणाचंच नाही. चांगल्या वाक्यात चार गोष्टी असाव्यात: कोण, कुठली, काय बनवते, आणि तिच्या करण्यात वेगळं काय. उदाहरणार्थ: "मी अमुक, कराडची. कांदा-लसूण मसाला करते. कांदा उन्हात वाळवून मगच तळते आणि मसाला डंकावर कुटून घेते." यात एकही विशेषण नाही. वेगळेपण कृतीतून सांगितलं की ग्राहक ते जसंच्या तसं दुसऱ्याला सांगू शकतो. "उत्तम प्रतीचे" कुणी कुणाला सांगत नाही, "डंकावर कुटलेला" सांगतात.

आणि एकच पदार्थ पुढे करा. चौदा पदार्थ करत असाल तरी नाव एका पदार्थाने होतं, बाकीचे त्याच्या मागून विकले जातात. कोणता पुढे करायचा हे ठरवायला मागच्या वर्षाची वही काढा आणि पुन्हा ऑर्डर देणारे ग्राहक कोणत्या पदार्थासाठी आले ते मोजा. एकूण खप मोजू नका, दिवाळीच्या भाजणीने आकडा फसवा होतो.

नाव, नोंदणी, लेबल, फोटो यांवर जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

मुद्रा_नोंद

नावापासून सुरू करतो. सर्वांत मोठा गैरसमज: "माझं शॉप ॲक्ट आहे, उद्यम आहे, एफएसएसएआय नंबर आहे, म्हणजे नाव माझं झालं." नाही झालं. गुमास्ता (म्हणजेच शॉप ॲक्ट), उद्यम (लघुउद्योगाची नोंद) आणि एफएसएसएआयची अन्न नोंदणी या व्यवसायाच्या नोंदी आहेत. नावावरचा हक्क ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली येतो. तुम्ही पाच वर्षं वापरत असलेलं नाव दुसऱ्याने नोंदवायला टाकलं, तर कायदा आधीपासून वापरणाऱ्याच्या बाजूने आहे, पण आधीपासून वापरत होतात हे तुम्हाला कागदाने दाखवावं लागतं.

म्हणून आजपासून एक फाइल करा. नाव छापलेलं पहिलं बिल, लेबल छपाईचं छापखान्याचं बिल, प्रदर्शनाच्या स्टॉलची पावती, नावाचा फलक दिसणारे तारखेसकट फोटो. अर्जात "अमुक तारखेपासून वापर" असं म्हणायचं असेल तर प्रतिज्ञापत्रासोबत हेच पुरावे जोडावे लागतात.

आता क्रमाने. नाव ठरवण्याआधी आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर मोफत शोध घ्या. मालाच्या प्रकाराप्रमाणे वर्ग ठरलेले असतात. वर्ग ३० निवडा, मसाले त्यात येतात. आधी शब्दशोध, मग उच्चारशोध. दोन्ही करणं आवश्यक आहे, कारण स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा असला तरी हरकत येते. लोणची करत असाल तर वर्ग २९ सुद्धा तपासा. इतरांचाही माल विकणारं दुकान असेल तर वर्ग ३५.

अर्ज टीएम-ए या फॉर्मवर ऑनलाइन होतो. व्यक्ती किंवा लघुउद्योग असाल तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये, मोठ्या कंपन्यांना ९,०००. दोन वर्ग म्हणजे दुप्पट. वकील किंवा एजंट त्याची फी वेगळी घेतो, सरकारी फीची पावती स्वतंत्र मागून घ्या. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर चित्राऐवजी नुसत्या शब्दाचा अर्ज करा. लोगोचं चित्र दोन वर्षांनी बदलेल, शब्द बदलणार नाही, आणि शब्दाची नोंद कोणत्याही अक्षरवळणाला लागू पडते.

अर्ज झाल्यावर नावाच्या डोक्यावर छोटं टीएम लिहिता येतं. गोलातला आर मात्र नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय छापायचा नाही, त्यासाठी कलम १०७ खाली दंड आहे. पुष्कळ छापखाने "चांगलं दिसतं" म्हणून आपल्या मनाने घालून देतात, प्रूफ पाहताना लक्ष ठेवा.

ट्रेडमार्क कार्यालयाच्या तपासणी अहवालात हरकत आली तर तो हाती आल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. इथेच सर्वाधिक अर्ज मरतात, कारण अर्जात एजंटचा ईमेल असतो आणि एजंटने तो उघडलेला नसतो. अर्जात स्वतःचाही ईमेल घाला आणि महिन्यातून एकदा अर्ज क्रमांकाने स्थिती पाहा. पुढे नाव त्या कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालं की विरोध नोंदवायला इतरांना चार महिने असतात. नोंदणी १० वर्षांची, नंतर नूतनीकरण.

कोणती नावं अडकतात? "अस्सल", "चविष्ट", "झणझणीत", "कोल्हापुरी" अशी मालाचं वर्णन किंवा गाव सांगणारी. कलम ९ खाली ती नाकारली जातात, आणि ते रास्त आहे. "झणझणीत मसाले" एकाच माणसाला देऊन टाकलं तर बाकीच्यांनी तिखटाचं वर्णन कसं करायचं?

---

खडा_मसाला

आडनावाचं काय? घरगुती मसाल्याला आडनाव फार शोभतं. विश्वास वाटतो.

---

मुद्रा_नोंद

शोभतं, आणि नोंदणीही होऊ शकते. अडचण नंतर येते. कलम ३५ प्रमाणे कुणी प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरून धंदा करत असेल तर त्याला तुम्ही अडवू शकत नाही. जोशी, पाटील, कुलकर्णी, देशमुख असं आडनाव असेल तर शेजारच्या तालुक्यात त्याच नावाचे मसाले सुरू झाले तरी हातात फारसं काही राहत नाही. आडनाव विरळ असेल, एखाद्या गावापुरतंच असेल, तर जरूर घ्या.

मधला रस्ता चांगला आहे: मुख्य नाव घडवलेला, दोन-तीन अक्षरी, मालाचं वर्णन न करणारा शब्द, आणि खाली लहान अक्षरांत तुमचं पूर्ण नाव आणि गाव. वेगळेपण वरच्या शब्दाला, विश्वास खालच्या ओळीला.

दुसरं, भौगोलिक नावं. वायगाव हळद, भिवापूर मिरची, ब्याडगी मिरची, कोल्हापूर गूळ यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाची, नोंद आहे. ही नावं मालाची ओळख म्हणून ठळक छापायची तर त्या जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद लागते. नोंद असलेल्या शेतकऱ्याकडून माल घेत असाल तर त्याचं बिल जपून ठेवा.

---

अक्षरजुळणी

लोगो आणि लेबल माझ्या कामाचा भाग, म्हणून थोडं लांबेल.

नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये कसं लिहायचं हे एकदाच ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. इन्स्टाग्रामचं युजरनेम आणि बहुतेकांचा डोमेन रोमनमध्येच असतो. मराठी नावात "व" ला व्ही की डब्ल्यू, दीर्घ ईकाराला आय की डबल ई, "ळ" ला एल, शेवटी ए लावायचा की नाही, यात एकाच धंद्याची चार स्पेलिंगं होतात. पाकिटावर एक, इन्स्टावर दुसरं, यूपीआयच्या पाटीवर तिसरं. ग्राहक शोधतो तेव्हा सापडत नाही. पाच ओळखीच्या माणसांना नाव नुसतं ऐकवा आणि रोमनमध्ये टाइप करायला सांगा. बहुतेकांनी जे लिहिलं ते स्पेलिंग घ्या, तुम्हाला व्याकरणशुद्ध वाटणारं नको. पाचांनी पाच वेगळी लिहिली तर नावच बदला.

लोगो करून घेताना डिझायनरकडून काय घ्यायचं: कितीही मोठी केली तरी न फुटणारी व्हेक्टर फाइल (एआय, सीडीआर किंवा एसव्हीजी), छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या रंगांतली) पीडीएफ, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, आणि एका रंगातली आवृत्ती. एका रंगातली लागतेच, कारण रबरी शिक्का, कुरिअरचं खोकं, बिल सगळीकडे एकच शाई असते. नुसती जेपीजी घेऊन आलात तर फ्लेक्सवर कडा फुटतात.

मराठी अक्षरांची खास भानगड: फॉन्ट कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांचं रेषांच्या चित्रात, बदलून घ्या. छापखान्यात बऱ्याच वेळा जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. तुमची युनिकोड फाइल तिथे उघडली की जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, रफार हरवतो. हजार लेबलं छापून झाल्यावर हे दिसतं. कर्व्ह केलेली पीडीएफ द्या आणि स्क्रीनवरच्या प्रूफवर न थांबता एक कागदी प्रूफ मागा.

फॉन्ट निवडताना "ल" आणि "श" पाहा. कित्येक देवनागरी फॉन्टमध्ये ही अक्षरं हिंदी वळणाची येतात. मराठी वळणाचा पाकळीवाला "ल" आणि देठाचा "श" हवा असेल तर तशी सोय असलेला फॉन्ट घ्या. मुक्त परवान्यात मुक्ता, बलू असे चांगले फॉन्ट आहेत, धंद्यासाठी वापरता येतात. आणि लेबलवर दोनापेक्षा जास्त फॉन्ट नकोत.

लोगोचा मालक कोण? पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आला असं समजू नका. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी हस्तांतरित व्हावा लागतो, आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांचा, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरला जातो. अर्ध्या पानाचा कागद पुरतो: "या लोगोचे सर्व हक्क पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी अमुक यांना हस्तांतरित." दोघांच्या सह्या, तारीख, रक्कम.

स्टिकरचा कागद: कांदा-लसूण मसाला आणि चटण्या तेल सोडतात. साध्या क्रोमो कागदावर आठवड्यात डाग उमटतो, हळदीच्या हाताने तो पिवळा होतो. पीपीचं (प्लास्टिकचं) न फाटणारं स्टिकर आणि त्यावर मॅट लॅमिनेशन घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर स्टॉलच्या दिव्याचा उजेड परावर्तित होतो आणि नाव वाचता येत नाही. बॅच आणि तारखेची जागा मात्र लॅमिनेशनविना ठेवायला सांगा, नाहीतर शिक्क्याची शाई बोटाने पुसली जाते.

---

पाटा_वरवंटा

कृष्णाकाठ ताई, तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर "तीच चव" लिहिलंत आणि पुढे गेलात. मला वाटतं सगळं इथेच ठरतं. नाव लक्षात राहिलं आणि दुसऱ्या वेळी मसाला वेगळा लागला, तर तेच नाव उलटं काम करतं.

चव हलण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, वाटी आणि मूठ. मिरची वाटीने मोजलीत तर देठासकट किती, कुरकुरीत किती, यावर वजन बदलतं. सगळं ग्रॅममध्ये, देठ काढल्यानंतरचं. कार्डावर असं लिहा: निवडलेल्या १ किलो मिरचीत ब्याडगी ६०० ग्रॅम, संकेश्वरी ३०० ग्रॅम, लवंगी १०० ग्रॅम. रंग ब्याडगीचा, तिखटपणा लवंगीचा. प्रमाण तुमचं तुम्ही ठरवा, पण कार्ड पाहिजे.

दुसरं, मिरचीचा हंगाम. नवी मिरची आणि शीतगृहातली मिरची एकाच प्रमाणात घातली तरी तिखटपणा सारखा येत नाही. नवा लॉट आला की आधी २५० ग्रॅमची चाचणी करा, मागच्या बॅचच्या नमुन्याशेजारी ठेवून भाजीत घालून बघा, आणि लवंगीचं प्रमाण वर-खाली करा. त्यासाठी प्रत्येक बॅचमधला ५० ग्रॅम नमुना, बॅच क्रमांक लिहून, हवाबंद डबीत मुदत संपेपर्यंत ठेवायचा. तक्रार आली तरी हाच नमुना कामाला येतो.

तिसरं, गरम भरणं. कांडप यंत्रातून मसाला चांगलाच गरम निघतो. लगेच पाऊचमध्ये भरून सील केलात तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात, पुढे कुबट वास. स्वच्छ सुती कापडावर पातळ पसरून पूर्ण गार होऊ द्या, पावसाळी हवा असेल तर बंद खोलीत. चौथं, खोबरं. ते जास्त घातलं की मसाला चवीला गोडसर लागतो पण लवकर खवट होतो. सहा महिन्यांची मुदत छापणार असाल तर खोबऱ्याचा भाग त्या हिशेबाने बेताचा ठेवा आणि सहा महिने जुनं पाकीट स्वतः उघडून पाहा.

---

वजनकाटा

पाकिटावर काय छापायचं याची उजळणी, कारण प्रदर्शनात तपासणीवाले माल जप्त करतात तो इथल्या चुकांमुळे.

पदार्थाचं नाव. घटक, वजनाने जास्त असलेला आधी. लागू असतील तिथे पोषणमूल्यं. हिरवा शाकाहारी ठिपका. एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ अंकी क्रमांक. निव्वळ वजन. बॅच क्रमांक. उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत. सर्व करांसह एमआरपी, आणि प्रति ग्रॅम किंमत: २०० ग्रॅमचं पाकीट १६० रुपयांचं असेल तर "प्रति ग्रॅम ०.८० रुपये". उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, आणि ग्राहक तक्रारीसाठी फोन व ईमेल.

लेबल फक्त मराठीत छापून चालत नाही. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो, मराठी सोबत जोडता येते. मराठीवरच्या प्रेमापोटी पूर्ण मराठी लेबल करणारे इथे अडकतात. पुढची बाजू मनसोक्त मराठीत सजवा, मागच्या बाजूला सक्तीचा मजकूर दोन्ही भाषांत घ्या.

अन्न नोंदणीखेरीज वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी करायची असते, आणि वजनकाट्यावर दरवर्षीचा शिक्का हवा.

शब्दांबद्दल. "शुद्ध", "नैसर्गिक", "ताजे", "अस्सल", "पारंपरिक" हे शब्द कुठे वापरायचे याच्या अटी एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांत आहेत. ब्रँडच्या नावातच असा शब्द असेल तर "हे फक्त ब्रँडचे नाव आहे, मालाचे खरे स्वरूप दर्शवत नाही" अशा अर्थाची ओळ वेगळी छापावी लागते. स्वतःच्या नावाखाली अशी ओळ कोणाला हवी असेल? म्हणून नावात ते शब्द घेऊच नका. "घरगुती" सुद्धा ग्राहकाची दिशाभूल होईल अशा तऱ्हेने वापरायचं नाही, गाळ्यात यंत्रावर माल होत असेल तर ते काढून टाका. "सेंद्रिय" लिहायचं तर प्रमाणपत्र आणि सेंद्रिय मालाचं ठरलेलं चिन्ह पाहिजे. मधुमेह, पचन, वजन यांवरचे दावे तर बिलकूल नकोत.

---

सांजवात

मूळ प्रश्न पर्सनल ब्रँडचा आहे, तर माझा आक्षेप नोंदवते. करणाऱ्या बाईचा चेहरा पुढे आणण्याचा आग्रह सगळीकडे धरला जातो. त्याची किंमत कुणी सांगत नाही. रात्री अकराला फोन, नको ते मेसेज, घराचा पत्ता उघड. शिवाय धंदा वाढला की ग्राहकाला "ताईंशीच" बोलायचं असतं, मदतनीस नेमला तर लोक रुसतात. पुढे मुलीला किंवा सुनेला धंदा सोपवायचा तर चेहरा सोपवता येत नाही.

---

कृष्णाकाठ

सांजवात, पत्त्याचा मुद्दा फार खरा आहे. वजनकाटा यांनी लिहिलंय तसं पाकिटावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता कायद्यानेच द्यावा लागतो, तो टाळता येत नाही. म्हणून नोंदणी करण्याआधीच विचार करायचा: भाड्याचा छोटा गाळा, गटाचं सामाईक स्वयंपाकघर किंवा गावातलं घर यांपैकी जिथे खरंच माल तयार होतो तोच पत्ता नोंदणीत आणि पाकिटावर जातो. राहत्या घरात माल करायचा नसेल तर ती व्यवस्था आधी करा, लेबल नंतर.

फोनसाठी वेगळं सिम घ्या, स्वतःच्या नावावर. भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावावरचं सिम नको. आणि त्याचं रिचार्ज कधीही बंद पडू देऊ नका, बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते, आणि तुमचे ग्राहक त्याला मसाला मागतात.

चेहऱ्याबाबत माझं मत: हात, आवाज आणि सही यांनीही माणूस ओळखू येतो. मिरची निवडणारे हात, कृती सांगणारा आवाज, पाकिटात ठेवलेल्या चिठ्ठीवरची मराठी सही. चेहरा दाखवायची तयारी असेल तर दाखवावा, विश्वास लवकर बसतो. नसेल तर हे तिन्ही वर्षभर नेमाने वापरा. धंदा सोपवायचा असेल तर मजकुरात "मी" ऐवजी पहिल्यापासून "आम्ही" ठेवा, आणि मदतनिसाचं नाव मेसेजखाली लिहायची सवय लावा: "पाकिटं आज निघाली. कुरिअर क्रमांक खाली. - मीना, अमुक मसालेकडून." ग्राहकाला दोन नावांची सवय होते.

---

चावडी

आता सापडणं. व्हॉट्सॲप बिझनेस बहुतेकांकडे असतं पण साध्या व्हॉट्सॲपसारखं वापरलं जातं.

कॅटलॉग भरा, ५०० वस्तूंपर्यंत चालतो, आपल्याला दहा पुरेत. प्रत्येक वस्तूच्या वर्णनात वजन, किंमत, तिखटपणाची पातळी आणि किती भाजीला किती चमचा हे लिहा. स्वागत संदेशात ओळखवाक्य टाका, तो नव्या ग्राहकाला आणि १४ दिवस बोलणं न झालेल्याला आपोआप जातो. झटपट उत्तरं ५० पर्यंत साठवता येतात: दरपत्रक, पोस्टेज, पैसे कुठे पाठवायचे, माल कधी निघेल. लेबलं लावा: नवा, पैसे बाकी, माल निघाला, पुन्हा विचारायचं.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोहोचतो. "मी सगळ्यांना पाठवलं, कुणी उत्तर दिलं नाही" याचं कारण बहुधा हेच. त्यामुळे पहिल्या ऑर्डरनंतरचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे नंबर सेव्ह करून घेणं. नुसतं "सेव्ह करा" सांगून कोणी करत नाही. कारण द्या: "नंबर सेव्ह केलात तर नवा मसाला निघायच्या आठ दिवस आधी कळवेन, नोंदणी झालेल्यांनाच पहिली बॅच." आणि शब्द पाळा. कोणत्या नावाने सेव्ह करायचं तेही सांगा, नाहीतर "मसालेवाली २" म्हणून राहाल.

गूगल बिझनेस प्रोफाइल: घरातून विकत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवाक्षेत्र दाखवता येतं, २० गावं किंवा भाग घालता येतात. अट अशी की ग्राहकाशी प्रत्यक्ष गाठ पडली पाहिजे, म्हणजे घरपोच देता किंवा ते येऊन नेतात. फक्त कुरिअरने माल पाठवत असाल तर प्रोफाइलला पात्र नाही. नावाच्या रकान्यात फक्त नाव. "अमुक मसाले पुणे बेस्ट गोडा मसाला होम डिलिव्हरी" असं भरलं की प्रोफाइल बंद होण्याचा धोका, आणि त्याबरोबर सगळे अभिप्राय अडकतात. वर्णनाला ७५० अक्षरं मिळतात, त्यात पहिल्या दोन ओळी ओळखवाक्याच्या.

अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा फुकट पाकीट द्यायचं नाही, गूगलच्या नियमात ते बसत नाही. मागायची वेळ महत्त्वाची. माल पोहोचल्याच्या दिवशी मागू नका, त्याने अजून भाजी केलेली नाही. दहा-बारा दिवसांनी "कोणत्या भाजीत वापरलात?" एवढंच विचारा. उत्तर आलं की त्याखाली लिंक द्या आणि "हेच तिथे लिहाल का?" म्हणा. त्यामुळे "छान आहे" ऐवजी "मटकीच्या उसळीत एक चमचा पुरला" असं लिहून येतं, आणि वाचणाऱ्याला ते पटतं.

इन्स्टाग्राम: नावाचा रकाना शोधात येतो, म्हणून तिथे देवनागरीत नाव आणि "कांदा लसूण मसाला" घाला. बायोला १५० अक्षरं. बिझनेस खात्यावर सिनेमाची गाणी सहसा मिळत नाहीत, आणि कशीतरी लावली तर आवाज बंद केला जातो. डंकाचा आवाज, तीळ तडतडल्याचा आवाज वापरा, मसाल्याला तो जास्त शोभतो. एखाद्या खाद्यब्लॉगरला फुकट माल दिलात तरी त्याच्या पोस्टवर जाहिरात असल्याचं लिहिलेलं पाहिजे, तसं आधीच सांगून ठेवा.

पैसे देऊन जाहिरात शेवटी. नाव, लेबल, कॅटलॉग आणि वीसेक खरे अभिप्राय नसताना जाहिरात केली तर लोक येतात, बघतात आणि जातात.

---

खडा_मसाला

लाल तिखटाचे फोटो नेहमी भडक येतात, पोत दिसतच नाही. उपाय?

---

अक्षरजुळणी

फोनचा कॅमेरा लाल रंगाला जास्तच उचलतो. मसाल्यावर बोट टेकून फोकस घ्या, मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. फोटो जरा काळपट वाटेल, पण कण दिसतील. सकाळी खिडकीचा उजेड एका बाजूने घ्या, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा. घरातला पिवळा बल्ब बंद, दोन रंगांचा उजेड मिसळला की हळद आणि गोडा मसाला सारखेच दिसतात. पार्श्वभूमी एकच ठरवा, काळा दगड किंवा कोरं सुती कापड, आणि वर्षभर तीच ठेवा. यादी सरकवतानाही नाव न वाचता फोटो कुणाचा ते कळलं पाहिजे.

फोटो पाठवताना एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून टाकतं. स्वयंपाकघरात काम करतानाचा फोटो असेल तर डोक्याला टोपी, हातात अंगठ्या-बांगड्या नाहीत, मागे उघडी कचरापेटी नाही, एवढं पाहा. खाण्याचा माल घेणारा हे आधी बघतो.

---

सांजवात

वाईट अभिप्राय आला तर? विशेषतः खोटा वाटणारा.

---

पाटा_वरवंटा

खोटा वाटला तरी उत्तर खऱ्या तक्रारीला देतो तसंच द्यायचं, कारण ते पुढे वाचणाऱ्यासाठी असतं. चार वाक्यं, त्याच दिवशी: "तुम्हाला मसाला पसंत पडला नाही याचं वाईट वाटलं. पाकिटावरचा बॅच क्रमांक कळवाल का? आमच्याकडे त्या बॅचचा नमुना आहे, तो तपासून उद्या संध्याकाळपर्यंत सांगते. दोष आमचा निघाला तर पैसे किंवा नवं पाकीट, तुम्ही म्हणाल ते." खरा ग्राहक क्रमांक देतो. खोटा असेल तर पुढे बोलत नाही, आणि वाचणाऱ्याला ते दिसतं. ग्राहकाचं नाव, पत्ता, ऑर्डरचा तपशील सार्वजनिक उत्तरात कधीही लिहू नका.

दोष खरंच निघाला तर त्या बॅचची पाकिटं घेतलेल्या सगळ्यांना स्वतःहून कळवा, तक्रार न केलेल्यांनाही. त्यासाठी बिलावर बॅच क्रमांक लिहिण्याची सवय हवी. एक ओळ वाढते, पण त्याशिवाय कुणाकडे काय गेलं ते सापडत नाही.

---

मुद्रा_नोंद

एक राहिलं. डोमेन, गूगल प्रोफाइल, इन्स्टाग्राम आणि यूपीआयची पाटी यांची खाती कुणाच्या ईमेलवर आहेत ते आज तपासा. भाच्याने किंवा डिझायनरने "करून दिलेलं" असेल तर ते त्याच्या ईमेलवर असतं. धंद्याचा एक स्वतंत्र ईमेल काढा, मालकी त्यावर वळवून घ्या, इतरांना व्यवस्थापक म्हणून ठेवा. दोन टप्प्यांची सुरक्षा लावा आणि त्याचे पर्यायी कोड कागदावर लिहून ट्रेडमार्कच्या फाइलमध्ये ठेवा. डोमेनचं नूतनीकरण दरवर्षी आपोआप होण्यावर विसंबू नका. कार्डाची मुदत संपली की पैसे कापले जात नाहीत आणि सूचना त्याच जुन्या ईमेलवर जाते. तीन किंवा पाच वर्षांचे एकदम भरा.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचं एकत्र करून कामाचा क्रम लावते आहे, चुकत असेल तर सांगा. या आठवड्यात: वेगळं सिम, धंद्याचा ईमेल, पाच जणांकडून स्पेलिंग, आयपी इंडियावर शोध. पुढच्या पंधरवड्यात: ट्रेडमार्क अर्ज, मसाल्यांची वजनाची कार्डं, ओळखवाक्य. त्यानंतर लोगो आणि त्याचा हस्तांतरणाचा कागद, मग लेबल. हे सगळं माघाच्या आत उरकलं तर फेब्रुवारी ते मे या मसाल्याच्या हंगामात पहिली बॅच नव्या नावाने निघते. दिवाळीच्या तोंडावर नाव बदलू नका, फराळाच्या गर्दीत जुने ग्राहक नवं पाकीट ओळखत नाहीत. जुनं नाव असेल तर पहिले सहा महिने नव्या लेबलवर "पूर्वीचे अमुक" ही ओळ ठेवा.

---

वजनकाटा

क्रम बरोबर आहे. फक्त लेबल मोठ्या संख्येने छापू नका. पहिल्या खेपेला दोनशे-तीनशे, डिजिटल छपाईवर. एका नगाला दर जास्त पडतो, पण पत्ता, किंमत किंवा घटक बदलले की हजारो लेबलं रद्दीत जात नाहीत. एमआरपी, बॅच आणि तारीख तर कधीच आधी छापून घेऊ नका, ती शिक्क्याने किंवा छोट्या इंकजेटने भरा. छापलेल्या किमतीवर जास्त किमतीचं स्टिकर चिकटवून विकता येत नाही.